साष्टीच्या जमिनीचा भरवसा

अंधेरी, मरोळ, पवई, कुर्ला ही सारी साष्टी बेटावरची गावे. 28 डिसेंबर 1774 रोजी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि बेट मराठ्यांच्या हातून गेले. ताबा मिळाला हे निश्चित. मालकी केव्हा पक्की झाली, हे मात्र तहांची कलमे ओळीने वाचल्याशिवाय कळत नाही.

पहिला कागद सुरतेचा, मार्च 1775 चा. त्यात पेशवेपदाचे दावेदार राघोबादादांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. पण पुण्याची सत्ता तेव्हा त्यांच्याकडे नव्हती, म्हणून या कागदाला फार वजन देता येत नाही. कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सरकारनेही तो मानला नाही. 1 मार्च 1776 च्या पुरंदरच्या तहात तर चमत्कारिक अट आहे: साष्टी ठेवायची, की ती सोडून तीन लाख उत्पन्नाचा दुसरा मुलूख घ्यायचा, हे गव्हर्नर जनरलने ठरवावे. मुंबईकर इंग्रज बेटाचा कारभार पाहत होते आणि ते ठेवायचे की नाही हे दूर कलकत्त्यात ठरणार होते! जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजांनी याहून मोठी कबुली दिली. 1773 पासून घेतलेले सगळे परत करायचे ठरले. मुंबई सरकारने ते झिडकारले आणि ताबा हलला नाही.

साष्टी इंग्रजांची ठरली ती सालबाईच्या तहाने, 17 मे 1782 रोजी. पुण्याचे कारभारी नाना फडणविसांनी मान्यता दिली 20 डिसेंबरला, इंग्रजांविरुद्ध मराठ्यांचा दोस्त असलेला हैदर अली वारल्यानंतर तेरा दिवसांनी. तारखांची ही जवळीक बोलकी आहे, पण तेवढ्यावरून नानांच्या मनातले सिद्ध होत नाही.

आता मोठी फट. डॉ. हेलेनस स्कॉट यांना पवईचा पट्टा मिळाला तो 1799 साली, म्हणजे सालबाईनंतर सतरा वर्षांनी. तहाने मालकी ठरली तरी तेवढ्याने पट्टा झाला नाही, असे मला वाटते. मुंबईचा गव्हर्नर डंकन याच्या कारकिर्दीत, 1798 मध्ये, शीवचा बांध घालायला सुरुवात झाली होती. मुंबई आणि साष्टी जोडली जाणार, ही खात्री तहाइतकीच उपयोगी पडली असावी. हे अनुमान आहे. खाडीपलीकडची वसई मात्र तेव्हा पेशव्यांचीच होती, म्हणजे सरहद्द शेजारीच होती, आणि हा पुरावा अनुमानाच्या उलट बाजूला पडतो.

सर्वांत बोलकी नोंद कुर्ल्याची. 1808 मध्ये होरमसजी बमनजी वाडिया यांना कुर्ला आणि आसपासची गावे मिळाली, ती मुंबईच्या किल्ल्यातील अपोलो दरवाजाजवळच्या जागेच्या बदल्यात. एका पारड्यात कोटाच्या आतली जमीन, दुसऱ्यात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तहांच्या मसुद्यांत लोंबकळत असलेल्या बेटावरची गावे. व्यवहार पूर्ण झाला, म्हणजे साष्टीला आता मोल आले होते. अर्थात, सरकारने मागितलेली जागा नाकारणे वाडियांना कितपत शक्य होते, याचे उत्तर अदलाबदलीच्या नोंदीत मिळणार नाही.

पवईचा पट्टा 1829 मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे गेला. पेशवाई संपून तोवर अकरा वर्षे झाली होती. फ्रामजींनी तिथे आंब्याची लागवड केली. दुसऱ्याच वर्षी जमीन हातची जाईल अशी धास्ती असलेला माणूस फार तर हंगामी पीक घेतो, आंब्याची कलमे लावत नाही.