चॉन्गेचॉन

चॉन्गेचॉन हा दक्षिण कोरियाची राजधानी सोल या शहराच्या मध्यभागातून पूर्वेकडे वाहणारा ओढा आहे. विसाव्या शतकात काँक्रीटखाली झाकला गेलेला हा ओढा २००३ ते २००५ या काळात, त्यावरील रस्ता व उन्नत द्रुतगती मार्ग पाडून, पुन्हा खुला करण्यात आला. खुल्या केलेल्या पट्ट्याची लांबी सुमारे ५.८ किलोमीटर आहे. भूदृश्यरचनेद्वारे जुन्या वाहतूक सुविधेचे सार्वजनिक जागेत रूपांतर करण्याचे हे बहुचर्चित उदाहरण आहे.

इतिहास

जोसॉन राजवटीत हा ओढा राजधानीतील पावसाचे व सांडपाणी वाहून नेत असे. १७६० मध्ये राजा यॉन्गजो याने त्यातील गाळ मोठ्या प्रमाणावर काढविला. कोरियन युद्धानंतर विस्थापितांनी काठांवर झोपड्या उभारल्या आणि प्रदूषण वाढले. १९५८ पासून ओढा झाकण्याचे काम सुरू झाले. पुढे त्यावर उन्नत मार्ग बांधण्यात आला. १९९० च्या दशकापर्यंत ही बांधकामे धोकादायक ठरू लागली होती.

पुनरुज्जीवन

२००२ मध्ये सोलचे महापौर झालेले ली म्युंग-बाक (पुढे दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष) यांनी हा प्रकल्प हाती घेतला. जुलै २००३ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि १ ऑक्टोबर २००५ रोजी ओढा नागरिकांसाठी खुला झाला. दरम्यान, २००४ मध्ये शहराच्या बससेवेची पुनर्रचना करून बसगाड्यांसाठी रस्त्याच्या मध्यभागी स्वतंत्र मार्गिका वाढविण्यात आल्या.

रचना

पात्र रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असल्याने काठावरून चालणाऱ्यांना वाहनांचा गोंगाट कमी जाणवतो. पश्चिमेकडील भागात दगडी बांधकाम व चौक आहेत, तर पूर्वेकडे विलो, बोरू यांसारख्या पाणथळ वनस्पतींना अधिक वाव दिला आहे. पात्र ओलांडण्यासाठी पूल तसेच पाण्यातील पायदगड आहेत. उन्नत मार्गाचे तीन खांब स्मृती म्हणून राखले आहेत.

परिणाम व टीका

उन्हाळ्यात ओढ्याकाठचे तापमान लगतच्या रस्त्यांपेक्षा काही अंशांनी कमी असल्याचे आढळले. मासे, पक्षी व कीटकही परतले. मात्र मूळ ओढा वर्षातील बराच काळ जवळजवळ कोरडा असे. आजचा प्रवाह मुख्यतः हान नदीतून पंपाने आणलेल्या पाण्यावर आणि भुयारी रेल्वेस्थानकांतील भूजलावर अवलंबून आहे. म्हणून पर्यावरणवाद्यांनी यास पुनरुज्जीवनाऐवजी कृत्रिम जलमार्ग म्हटले. ऐतिहासिक ग्वांगतोंग पूल मूळ जागेऐवजी थोड्या अंतरावर उभारल्याबद्दलही आक्षेप घेण्यात आले.

प्रकल्पामुळे हटविलेल्या अनेक फेरीवाल्यांना तोंगदेमुन क्रीडांगणात जागा देण्यात आली. पुढे ते क्रीडांगणही पाडण्यात आल्याने त्यांना पुन्हा स्थलांतर करावे लागले. त्यामुळे सार्वजनिक जागा सुशोभित होताना तिच्यावर पोट असलेल्यांचे काय, हा प्रश्न या प्रकल्पाच्या मूल्यमापनात महत्त्वाचा ठरला आहे.