नागसेनवनात एक फेरी



तिसगावच्या आपल्या पोरांना कॉलेज पहिल्यांदा कधी दिसतं? फॉर्म भरायच्या दिवशी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टीसी आणि झेरॉक्सची चळत घेऊन पोरगं खिडकीसमोर उभं राहतं. आतून आवाज येतो, ‘हे नाही चालणार, ते आण.’ पोरगं परत. त्याच्यापुरतं कॉलेज म्हणजे एक खिडकी. खिडकीपलीकडं ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे, नाटकाची तालीम चालते, हे त्याला कुणी दाखवत नाही.

मी ज्या कॉलेजात शिकलो त्याचं नाव घेत नाही. तिथं पहिलं वर्षभर मी ग्रंथालयाच्या दारात चिठ्ठी द्यायचो आणि बाहेर थांबायचो. आत जाऊन कपाटातलं पुस्तक आपल्या हातानं काढता येतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. कुणी अडवलं नव्हतं. आजा गावाच्या वेशीबाहेर उभा राहिला, बाप तलाठ्याच्या ओसरीखाली उभा राहिला, मी उघड्या दाराबाहेर उभा राहिलो. ही सवय रक्तातली नाही, गावगाड्यानं लावलेली आहे. लावलेली सवय मोडता येते. त्यासाठी हा लेख.

अमेरिकेतल्या लहान लहान कॉलेजांत एक रीत आहे. प्रवेश घेण्याआधीच पोरांना आईबापासकट बोलावतात. तिथलाच एखादा विद्यार्थी त्यांना सगळं आवार फिरवून दाखवतो. इथं वर्ग, इथं वाचायचं, इथं जेवायचं, इथं झोपायचं, विचारा काय विचारायचं ते. खरं तर ज्यांच्या घरात तीन पिढ्या कॉलेजात गेल्या त्यांना या फेरीची गरज कमी. ज्याच्या घरातून पहिलंच माणूस निघालंय, त्याला ती हवी. आपल्याकडं नेमकं उलटं आहे. ज्याला काहीच माहीत नाही, त्यालाच कुणी काही दाखवत नाही.

म्हणून आम्ही तिसगावची अकरा पोरं घेतली, त्यात चार पोरी, आणि एसटीनं औरंगाबाद गाठलं. २०२३ पासून त्या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, आपला जिल्हाही आता अहिल्यानगर आहे. पण ज्या काळाची गोष्ट सांगतोय त्या काळातली नावं ठेवतो.

तिसगावहून शेवगाव, शेवगावहून पैठण. पैठणला गोदावरी लागते. पोरांना नदी दाखवली आणि सांगितलं, ही एकेकाळची सरहद्द. अलीकडं नगर जिल्हा, मुंबई इलाख्यात, इंग्रजाच्या हाताखाली. पलीकडं निजामाचं हैदराबाद संस्थान. १७ सप्टेंबर १९४८ ला ते संस्थान भारतात आलं. तोवर मराठवाड्यातल्या पोराला पदवी घ्यायची तर हैदराबादेकडं तोंड करावं लागे. औरंगाबादेत इंटरपर्यंतचं सरकारी कॉलेज होतं. त्यापुढचा रस्ता पैसेवाल्याचा. गावकुसाबाहेरच्या पोराचा तर रस्ता शाळेच्या व्हरांड्यातच संपत होता.

बाबासाहेबांनी कॉलेजसाठी हे ठिकाण निवडलं. मुंबई सोडून इकडं का, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला असेल. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ ला स्थापन झाली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथं सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे दिवसा कारकुनी करणाऱ्या पोरालाही शिकता यावं. तिथं नोकरी तरी होती, लोकल तरी होती. मराठवाड्यात काय होतं? वेठ होती, दुष्काळ होता. जिथं काहीच नाही, तिथं संस्थेचं दुसरं कॉलेज काढलं. जून १९५० मध्ये औरंगाबादचं कॉलेज सुरू झालं. म. भि. चिटणीस पहिले प्राचार्य.

पाणचक्कीकडून पुढं गेलं की नागसेनवन लागतं. एका बाजूला छावणी, मागं विद्यापीठ, त्याच्याही मागं डोंगरात बौद्ध लेणी. पोरं झाडाखाली बसली. एकानं विचारलं, ‘दादा, कॉलेजचं नाव मिलिंद, मग जागेचं नाव नागसेन कसं?’

हा प्रश्न मला हवाच होता. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. नागसेन बौद्ध भिक्खू. त्यांचे सवालजवाब ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. बघा, कॉलेजला उत्तर देणाऱ्याचं नाव दिलं नाही, विचारणाऱ्याचं दिलं. आपल्या देशात विद्येच्या जागेला देवाचं नाव देतात, नाहीतर देणगीदाराच्या बापाचं. इथं नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. ज्या माणसांनी प्रश्न विचारला की पाठीवर कोरडा बसायचा, त्यांच्या पोरांच्या कॉलेजला!

त्या ग्रंथातली रथाची गोष्ट सांगितली. राजा रथातून आला होता. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? नाही. चाक म्हणजे रथ का? नाही. जू म्हणजे रथ? तेही नाही. मग रथ कुठंय? सगळं एकत्र आलं की ‘रथ’ हे नाव. पोरांना म्हटलं, आज आपण असंच करू. एकेक जागा बघू आणि विचारू, हेच मिलिंद का?

पहिली इमारत. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. बाबासाहेब तेव्हा केंद्रात कायदेमंत्री होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल अडवलं गेलं, हे त्याचं मोठं कारण. एका महिन्यातल्या या दोन तारखा पाठ करा. मंत्रिपद गेलं, कॉलेज राहिलं. बाबासाहेब इथं आले की बांधकामाबरोबर झाडांचीही चौकशी करायचे, असं जुनी माणसं सांगतात. आज आपण त्या सावलीत बसतो. पण दगड आणि झाडं म्हणजे मिलिंद का? नाही. दगड तर लेण्यांतही आहेत.

मग वर्ग. इथं एक पोरगा बोलला. बारावीला आहे. म्हणाला, ‘दादा, बाप म्हणतो आयटीआय कर. आर्ट्सला जाऊन काय भेटतं?’ बाकीची पोरं हसली. मी हसलो नाही. हा प्रश्न खरा आहे आणि तो एकट्या त्याच्या बापाचा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काळ्या माणसांतही याच प्रश्नावर मोठा वाद झाला.

बुकर टी. वॉशिंग्टन गुलामीत जन्मलेला माणूस. १८८१ साली टस्कीगीला त्यानं शाळा उभी केली. पोरांनी स्वतः विटा पाडून इमारती बांधल्या. त्याचं म्हणणं, आधी हातात धंदा येऊ द्या, हक्कांचं मागून बघू. दुसरीकडं डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस. तो नॅशव्हिलच्या फिस्क कॉलेजातून १८८८ साली पदवी घेऊन निघाला. त्यानं १९०३ साली लिहून विरोध केला. धंदा शिकवा, पण काळ्या पोराला फक्त धंदाच शिकवायचा हे कुणी ठरवलं? इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकलेली माणसं आमच्यात नसतील तर आमच्या वतीनं बोलणार कोण?

फिस्कची गोष्ट तर आपल्या शाहिरांनी ऐकावी अशी आहे. गुलामी संपल्यावर १८६६ साली ते सुरू झालं. पैशावाचून बंद पडायची वेळ आली. १८७१ साली तिथली पोरंपोरी, बरीचशी गुलामीत जन्मलेली, गाणी म्हणत गावोगाव फिरली. आईबापांनी मळ्यात राबताना म्हटलेली गाणी. पुढं ती इंग्लंडच्या राणीसमोरही गायली. त्या पैशातून १८७६ साली ज्युबिली हॉल उभा राहिला. गाण्यावर उभी राहिलेली इमारत! आपल्या जलशांनीही एक समाज असाच उभा केला.

बाबासाहेबांना हे सगळं माहीत होतं. ते १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली, म्हणजे सिद्धार्थ उघडलं त्याच साली, त्यांनी ड्युबॉईसला पत्र लिहिलं. अमेरिकेतले निग्रो आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढं नेत आहेत, त्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली होती. आणि कॉलेजं काढताना त्यांनी काय काढलं? सुतारकामाची शाळा आधी काढली नाही. चामड्याचा कारखाना काढला नाही. कला आणि विज्ञानाचं कॉलेज काढलं. जातीनं हाताला धंदा आधीच बांधलेला होता. कमी होती ती डोक्याला मोकळीक मिळण्याची.

त्या पोराला म्हटलं, आयटीआय वाईट नाही. वायरमन हो, फिटर हो, मानानं जग. पण ‘आर्ट्स आपलं काम नाही’ असं कुणी म्हणालं तर विचार, मग ते कुणाचं काम? पोरगा काही बोलला नाही. वही काढून फिस्कचं नाव लिहून घेतलं.

आर्ट्सला जाऊन काय मिळतं, ते याच आवारात घडलं. पहिले प्राचार्य चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं. १९५५ साली ते इथं बाबासाहेबांसमोर झालं आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी अफाट जनसमुदायासमोर झालं. पुढं म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले, इथं प्राचार्य झाले. काळ्या लेखकांचं साहित्य त्यांनी आपल्या पोरांसमोर ठेवलं आणि विचारलं, तुमचं कुठंय? गंगाधर पानतावणे इथंच मराठी शिकवत. साठच्या दशकाच्या शेवटी इथून ‘अस्मिता’ निघालं, त्याचंच पुढं ‘अस्मितादर्श’ झालं. तुमच्या हातातल्या या सायक्लोस्टाईल पानांचीही नाळ तिथं आहे. स्टेन्सिल कापताना हे विसरू नका.

मग अजिंठा वसतिगृह. परभणी, बीड, नांदेड, विदर्भ, खानदेश, सगळीकडची पोरं पत्र्याची पेटी घेऊन इथं आली. मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. त्या शिष्यवृत्तीवर मेसचं ताट चालायचं आणि ती लांबली की उधारी चालायची. पण गावात ज्याला वरून पाणी वाढलं जायचं, तो इथं पंगतीत बसला. शेजारच्या खाटेवरच्या पोरानं त्याला कविता वाचून दाखवली. चळवळ अशाच खोल्यांत रात्री तयार झाली. हे मिलिंद का? पोरी म्हणाल्या, ‘हे बरंच जवळ आलं.’

शेवटी विद्यापीठाचं गेट. पायीच गेलो. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्यानंतर मराठवाड्यात आपली घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारला गेला. १९७९ ला लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं! एका पाटीसाठी? नाही. पाटीवर नाव कुणाचं, म्हणजे आत हक्क कुणाचा, हे त्यांना कळत होतं आणि आपल्यालाही. दर १४ जानेवारीला या गेटसमोर माणसांचा पूर लोटतो. खेड्यातली म्हातारी गेटला हात लावते आणि कपाळाला लावते. मला त्यात भक्ती दिसते आणि थोडी भीतीही वाटते. गेटला हात लावून परत फिरायचं नाही, गेटातून आत जायचं, हे त्या म्हातारीच्या नातीला कुणी सांगायचं?

आता कडू बोलतो. पीपल्स सोसायटीच्या ताब्यावरून आपल्याच पुढाऱ्यांत भांडणं झाली, कोर्टापर्यंत गेली. ज्या संस्थेनं आपल्याला बोलायला शिकवलं, तिच्याच खुर्चीसाठी आपण एकमेकांविरुद्ध वकील दिले. पोरांपासून हे लपवलं नाही. फेरी म्हणजे जाहिरात नव्हे. एका पोरीनं विचारलं, ‘मग चाकं निखळली का रथाची?’ मी म्हणालो, ‘निखळलेलं चाक कोण बसवणार ते बघायलाच तुम्हाला आणलं.’

परत निघण्याआधी ग्रंथालयाच्या दारात गेलो. मी मुद्दाम पुढं झालो नाही. पोरं उंबऱ्यापाशी थांबली, अगदी मी थांबायचो तशी. कुणीच अडवत नव्हतं. थोडा वेळ गेला. मग तीच पोरगी चपला काढायला वाकली. म्हटलं, ‘चपला राहू दे, हे देऊळ नाही.’ ती तशीच आत गेली. तिच्यामागं बाकीचे गेले.

कार्यकर्त्यांनो, जयंतीला डीजे लावायला वर्गणी जमते. त्यातलं एसटीचं भाडं बाजूला काढा. आपापल्या गावची दहावी-बारावीची पोरं घ्या आणि जूनच्या आधी एकदा नागसेनवनात न्या. जमलं नाही तर जवळच्या कुठल्याही कॉलेजात न्या, पण खिडकीपाशी सोडू नका. ग्रंथालयात न्या, वसतिगृहात न्या, तिथं शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींशी बोलू द्या. प्रत्येकानं एक तरी प्रश्न विचारूनच परत यायचं, एवढीच अट घाला.

आमची पुढची फेरी ठरली आहे. या वेळी वाट दाखवायला मी नाही, ती पोरगी जाणार आहे.

जयभीम.