गो नावाची भाषा आणि तिची अवजारे

आपल्या गोव्यात 'गो' म्हटले की आईला, बहिणीला किंवा शेजारणीला घातलेली हाक कानी येते. संगणकाच्या जगात मात्र 'गो' ही प्रोग्रामिंगची एक भाषा आहे. मी कला शाखेचा माणूस. या भाषेत मी एक ओळही लिहिलेली नाही. पण तिच्यासोबत आलेल्या अवजारांची कथा मला एखाद्या व्याकरणाच्या इतिहासाइतकीच रंजक वाटते. नियम कोणी करावा, केव्हा करावा आणि तो बदलायचा झाला तर भार कोणी उचलावा, हे प्रश्न तिथेही आहेतच.

कथेची सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये होते. युनिक्स आणि सी भाषा तिथलीच. काम चाले ते एकेक आज्ञा टंकून. या पद्धतीला कमांड लाइन म्हणतात. सी भाषेभोवतीची अवजारे मात्र एकदम आली नाहीत. नड पडेल तशी ती एकेक करून तयार झाली.

१९७६ साली स्टीव्ह जॉन्सन वैतागून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती, आणि ती चूक तर आधीच दुरुस्त केलेली होती! दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायची, तेवढी राहून गेली होती. फेल्डमन यांनाही आदल्याच संध्याकाळी असाच अनुभव आला होता. त्यांनी शनिवार-रविवारात 'मेक' हे अवजार लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले, की काय बदलले ते पाहून तेवढेच काम 'मेक' पुन्हा करते.

त्यात एक गोम राहिली. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी, मोकळ्या जागा सोडून चालत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे नवशिका हमखास फसतो. हे बदलता आले असते. पण काही आठवड्यांतच डझनभर लोक 'मेक' वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांचे काम मोडू नये म्हणून फेल्डमन यांनी टॅब तसाच ठेवला. त्या डझनभरांची सोय पुढे जगभरच्या लाखो लोकांची डोकेदुखी झाली.

जॉन्सन यांनी १९७८ मध्ये 'लिंट' लिहिले. कापडाला चिकटलेले धागे टिपावेत तसे ते सी प्रोग्राममधल्या संशयास्पद जागा टिपते. पण तेही कंपायलरपासून वेगळेच होते. वापरा, नाहीतर राहू द्या.

२००७ साली गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी गो भाषेचा आराखडा सुरू केला. पाइक आणि थॉम्पसन दोघेही बेल लॅब्समधले जुने. नोव्हेंबर २००९ मध्ये भाषा सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा तिच्याबरोबर 'गोफएमटी' हे अवजार होते. कोणीही कसेही लिहावे, हे अवजार त्याची मांडणी एकाच ठरावीक पद्धतीने करून देते. कंस कुठे, समास किती, यावर प्रोग्रामर वर्षानुवर्षे भांडत आले होते. इथे भांडायला जागाच उरली नाही. गंमत म्हणजे गोफएमटी समासासाठी टॅबच वापरते, पण तो यंत्र घालते म्हणून कोणाला सलत नाही.

एप्रिल २०११ मध्ये 'गोफिक्स' आले. भाषा अजून घडत होती, तिचे संच बदलत होते. बदल झाला की जुने प्रोग्राम नव्या रीतीत बसवण्याचे बरेचसे काम गोफिक्स स्वतः करी. मांडणी सर्वत्र एकसारखी होती, त्यामुळे यंत्राने फिरवलेल्या हातात फक्त खरा बदल तेवढा दिसे. मार्च २०१२ मध्ये गोची पहिली स्थिर आवृत्ती निघाली. तोवर गो प्रोग्राम बांधायलाही 'मेक'च्या फाइली लागत. आता बांधणी, चाचणी, मांडणी, दुरुस्ती आणि लिंटच्या वळणाची तपासणी ही सगळी कामे 'गो' या एकाच आज्ञेखाली आली.

मला महत्त्वाचा वाटतो तो फेल्डमन आणि गोकर्त्यांमधला हा फरक. फेल्डमन यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: मित्रांना त्रास द्यायचा किंवा गैरसोय कायम ठेवायची. गोकर्त्यांनी तिसरी वाट काढली. नियम बदलला तर जुने लिखाण दुरुस्त करून देण्याचे अवजारही त्यांनीच हाती दिले.

मराठीत १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हा वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने आपापला हात आपणच वळवला. कोणी वळवला, कोणी शेवटपर्यंत वळवला नाही. माणसांच्या भाषेला गोफिक्स मिळणे कठीणच. पण नियम करणाऱ्याने पाळणाऱ्याचे ओझे थोडे तरी उचलावे, एवढे या यंत्रांच्या भाषेकडून शिकायला हरकत नाही.