ध्यान, जाग आणि झोप : लोणावळा, इगतपुरी, पुणे

ध्यान आणि झोप यांची सीमा कुठे आखायची, हा प्रश्न भारतीय योगपरंपरेत फार जुना आहे. पतंजलीने निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये बसवले. म्हणजे झोप ही समाधी नव्हे. प्रमाण, विपर्यय, विकल्प आणि स्मृती यांच्याप्रमाणे तीही आवरायचीच. पण झोप टाकून द्या, असे मात्र कोणी सांगितले नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिशय झोपणाऱ्याला जसा योग साधत नाही, तसाच अतिशय जागणाऱ्यालाही साधत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी या अध्यायावर सविस्तर निरूपण केले आणि आहार, निद्रा, जागरण या सगळ्यांना माप असावे, हा विचार मराठी माणसाच्या कानी पडला. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात ‘निद्रानिरूपण’ असा स्वतंत्र समासच लिहिला आहे.

वारकऱ्यांच्या अखंड हरिनाम सप्ताहात याच शहाणपणाने आकार घेतलेला दिसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पण ती एकाच माणसाच्या गळ्यात राहत नाही. ठरलेला पहारा संपला की पुढचा पहारेकरी पुढे येतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि आधीचा जाऊन पाठ टेकतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मध्यरात्रीनंतर जागराची भजने, असा दिवस भरलेला असतो. जागे असते ते गाव, एकटा देह नव्हे. नामस्मरणाने झोपेची गरजच उरत नाही, असा दावा या व्यवस्थेत कुठेच नाही, आणि हे तिचे मोठेपण आहे.

प्रयोगशाळेत हा विषय आला तो लोणावळ्यामार्गे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या योगक्रियांचे निरीक्षण केले. 1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. श्वास, दाब, रक्ताभिसरण यांची मोजमापे त्यात छापून येऊ लागली. झोपेचे मोजमाप मात्र तेव्हा शक्यच नव्हते. माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये प्रसिद्ध केला, आणि डोळ्यांच्या जलद हालचालींची स्वप्नझोप वेगळी ओळखली गेली ती 1953 मध्ये. 1957 मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक उपकरणे घेऊन भारतभर फिरले. योग्यांची नाडी, श्वास आणि मेंदूलहरी टिपत ते लोणावळ्यालाही येऊन गेले.

पुढे पाश्चात्त्य प्रयोगशाळांत एक अडचणीची गोष्ट उघडकीला आली. 1976 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील एका अभ्यासात अनुभवी भावातीत ध्यानसाधकांच्या आलेखांत ध्यानाच्या वेळातला बराच भाग चक्क झोपेचा निघाला. डोळे मिटून बसलेला माणूस ध्यानात आहे की डुलकीत, हे बाहेरून कळत नाही. साधनामार्गांना याची जाण आधीपासून होतीच: बौद्ध परंपरेत आळस आणि तंद्रा यांना ‘थीनमिद्ध’ म्हणतात आणि पाच अडथळ्यांत त्यांची गणना होते.

त्याच वर्षी, 1976 मध्ये, इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंका यांची विपश्यना शिबिरे सुरू झाली. येथे पहाटे चारला घंटा होते, साडेचारपासून साधना आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. म्हणजे अंथरुणावर जास्तीत जास्त साडेसहा तास. घरी आठ तास झोपणाऱ्या नवख्याला पहिले दोन-तीन दिवस डुलक्या आवरत नाहीत.

या साधनेचा झोपेवरील परिणाम बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तपासला गेला. 2006 आणि 2010 च्या अभ्यासांत साधक पुरुषांची रात्रभराची झोप आलेखांवर नोंदवली गेली. वय वाढते तशी गाढ, मंदलहरींची झोप घटत जाते; मध्यमवयीन विपश्यना साधकांमध्ये ती इतरांपेक्षा चांगली टिकून होती. अर्थात असे साधक आहार-विहारातही नेमस्त असतात, त्यामुळे सारे श्रेय ध्यानाला देणे घाईचे ठरेल.

जागरणानंतरच्या बुद्धीचा प्रश्न थेट हाताळला तो केंटकी विद्यापीठातील संशोधकांनी, 2010 मध्ये. त्यांची कसोटी साधी होती: पडद्याकडे पाहत राहायचे आणि खूण दिसताच कळ दाबायची. थकलेला मेंदू इथे चटकन उघडा पडतो. खूण येते, डोळे उघडे असतात, पण बोट उशिरा हलते. ध्यान नव्याने शिकलेल्या दहा जणांचा वेग चाळीस मिनिटांच्या ध्यानानंतर लगेच सुधारला. डुलकीनंतर मात्र एक वगळता सगळे आणखी मंदावले, कारण जाग आल्यावरची गुंगी काही काळ रेंगाळते. रात्रभर जागवल्यानंतरही ध्यानाने वेग काहीसा परत आला. मुरलेले साधक कमी झोपूनही या कसोटीत मागे पडले नाहीत. ध्यान झोपेचा काही भाग भरून काढते का, हा प्रश्न संशोधकांनी मोकळाच ठेवला, आणि ते योग्यच झाले. गट लहान होता. शिवाय कळ दाबण्याचा वेग म्हणजे निर्णयशक्ती किंवा स्मरणशक्ती नव्हे.

अलीकडे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी योगनिद्रा या विश्रांतीच्या साधनेकडे लक्ष वळवले आहे. त्यांच्या 2022 च्या निबंधानुसार योगनिद्रेत माणूस जागा असतानाच मेंदूच्या काही भागांत झोपेसारख्या मंद लहरी उमटतात. दोन आठवड्यांच्या सरावानंतर रात्रीची झोप आणि काही बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी सुधारल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. झोप मोडणारी पाळी करणाऱ्या जवान, परिचारिका आणि चालकांना याचा कितपत उपयोग होईल, हे ठरवायला मोठ्या गटांवरचे अभ्यास लागतील. रात्रपाळी संपवून गाडी चालवत घरी निघालेल्याला तूर्त ध्यानाच्या भरवशावर सुरक्षित म्हणता येत नाही.