नदी मोजणारा माणूस आणि हुर्यो उडवणारा हॉल

ज्यांना लोकलमध्ये इयरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या एजीएमपासून. आमच्या मजल्यावरचे एक काका उठले, हातात शाळेची असते तशी वही. दोन वर्षं ते दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला वजन बांधून बोअरमधल्या पाण्याची पातळी मोजत होते. म्हणाले, "पातळी खाली चाललीय. नवीन लॉन केलंत तर हे पाणी पुरणार नाही." हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो, आणि लॉनच्या बाजूने हात वर केला. दिवसभर ऑफिसात डॅशबोर्ड बनवणारा मी! एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले तेव्हा काकांशी लिफ्टमध्ये नजर मिळवणं जड गेलं.

हेच दृश्य अमेरिकेत १८९३ साली घडलंय. हॉल तेवढा मोठा होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८७० नंतर अमेरिकन सरकारने एक नवीन गोष्ट सुरू केली: देशात नक्की काय आहे आणि किती आहे, हे मोजायला पगारी माणसं नेमायची. मासे कमी का होतायत हे बघायला १८७१ मध्ये फिश कमिशन. जमिनीखाली काय आहे हे बघायला १८७९ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे. पक्षी शेतीचं भलं करतात की नुकसान, हे तपासायला १८८५ मध्ये कृषी खात्यात एक छोटा विभाग, त्याचे प्रमुख सी. हार्ट मेरियम.

मेरियमची गोष्ट आधी सांगतो, कारण ती गोड शेवटाची आहे. १८८५ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा केला: घुबड किंवा ससाणा मारून आणा, ५० सेंट बक्षीस घ्या. हे पक्षी कोंबड्या पळवतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. लोक तुटून पडले. दीड वर्षात साधारण ९०,००० डॉलर वाटले गेले. मेरियमने कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. या पक्ष्यांनी तेवढ्या काळात मारल्या असत्या त्या कोंबड्यांची किंमत? अगदी सढळ हाताने धरली तरी १,८७५ डॉलर. आणि एक घुबड वर्षाला हजारभर उंदीर खातं असं धरलं, तर ते मेल्यामुळे शेतीचं नुकसान ३८ लाख डॉलरच्या वर. हा अंदाजच होता, पण पुढे त्याच विभागाच्या ए. के. फिशरने साधारण २,७०० ससाणे-घुबडांची पोटं फाडून आत काय आहे ते नोंदवलं, आणि १८९३ मध्ये पुस्तक काढलं. बहुतेक जातींच्या पोटात उंदीर आणि किडे. खरोखर नुकसान करणाऱ्या जाती मोजक्याच. आपल्याकडे घुबड अशुभ, पण लक्ष्मीचं वाहनही तेच. फिशरच्या नोंदी लक्ष्मीच्या बाजूने निघाल्या म्हणायच्या.

बक्षिसाचा कायदा १८८७ मध्येच रद्द झाला होता. म्हणजे डेटा आला, सरकारने ऐकला, विषय संपला. असं नेहमी झालं असतं तर हा भाग इथेच संपला असता.

आता जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात कोपराखाली गेला. तरी १८६९ मध्ये हा माणूस चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन ग्रीन आणि कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅनियन पार करायला निघाला. आधी कुणी त्या दरीचा नीट नकाशाही केलेला नव्हता. निघाले दहा, दरीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर आले सहा.

त्या कोरड्या मुलखात वर्षानुवर्षं फिरून त्याने १८७८ मध्ये सरकारला अहवाल दिला. सांगणं साधं होतं. देशाच्या पश्चिम भागात बहुतेक ठिकाणी वर्षाला ५० सेंटीमीटरहून कमी पाऊस पडतो. आपल्या माण तालुक्यात पडतो साधारण तेवढा, किंवा त्याहूनही कमी. त्या वेळी सरकार प्रत्येक कुटुंबाला १६० एकर देत होतं. पॉवेल म्हणाला, हा आकडा ओल्या पूर्वेकडचा आहे. पश्चिमेत कालव्याचं पाणी असेल तर ८० एकर पुरे. नसेल तर गुरं चारायला २,५६० एकर लागतील. आणि सीमा पट्टीने आखू नका, पाणलोट क्षेत्राप्रमाणे आखा.

त्या काळी लोक मानायचे, की नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो. रेल्वे कंपन्या आणि जमिनीचे दलाल हे आनंदाने पसरवत होते. अहवाल बाजूला पडला.

पॉवेल १८८१ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेचा प्रमुख झाला, आणि १८८८ मध्ये काँग्रेसने त्याला पश्चिमेतल्या सिंचनाच्या सर्वेक्षणासाठी पैसे दिले. पण नदीत किती पाणी आहे हे मोजायचं कसं, हेच शिकवावं लागणार होतं. मग न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेच्या काठी एम्बुडो इथे तरुण इंजिनिअरांचा कॅम्प लागला. जानेवारी १८८९ मध्ये तिथे या सर्व्हेचं पहिलं नदीमापन केंद्र सुरू झालं.

पद्धत ऐका, मला फार आवडते. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ठिकठिकाणी खोली मोजायची, प्रत्येक ठिकाणी पाण्याचा वेग मोजायचा. क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे प्रवाह. पाणी वर-खाली होईल तसं हे पुन्हा पुन्हा करायचं. मग पाण्याची उंची आणि प्रवाह यांचं कोष्टक तयार होतं, आणि रोज नुसती पट्टी वाचून प्रवाह कळतो. आज मोबाइलवर अमेरिकेतल्या नद्यांचे लाइव्ह आकडे दिसतात, त्यांच्या मुळाशी हीच युक्ती आहे.

पण मोजायला वेळ लागतो, आणि मोजणी होईपर्यंत सरकारने जमिनीचं वाटप रोखून धरलं होतं. पश्चिमेकडचे सिनेटर भडकले. १८९० मध्ये काँग्रेसने सर्वेक्षणाचे पैसे बंद केले.

ऑक्टोबर १८९३, लॉस एंजलिस. सिंचन परिषद भरलेली, हॉलमध्ये सगळे वाळवंट हिरवं करायला निघालेले. पॉवेलने लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं: सगळं पाणी वापरलंत तरी या जमिनीचा थोडासाच भाग भिजेल. तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी पाण्याची भांडणं आणि कोर्टकचेऱ्या जमा करून ठेवताय. हॉलने हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी त्याने पद सोडलं.

घुबडांचं ऐकलं, नदीचं का नाही? मला वाटतं, मेरियमचा आकडा सांगत होता की खर्च थांबवा, तुमचाच फायदा आहे. पॉवेलचा आकडा सांगत होता की तुमचं स्वप्न छोटं करा. पहिलं ऐकायला काही सोडावं लागत नाही.

पुढचं गणित आपल्या टीएमसीत सांगतो. १९२२ मध्ये सात राज्यांनी कोलोरॅडो नदीचं पाणी वाटून घेतलं: साधारण ६५० टीएमसी, म्हणजे सहा कोयना धरणं. पुढे १९४४ च्या करारात मेक्सिकोला आणखी ६५. आधीची काही वर्षं नेमकी भरपूर पावसाची होती, तेच नेहमीचं धरलं गेलं. पॉवेलच्याच खात्यातल्या लारू नावाच्या इंजिनिअरने १९१६ मध्येच लिहिलं होतं, की सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी या नदीत नाही. २००० नंतर नदीला वर्षाला सरासरी ५४० टीएमसीच्या आसपास पाणी येतंय. जुलै २०२२ मध्ये तिच्यावरचा सगळ्यात मोठा जलाशय, लेक मीड, २७ टक्क्यांवर आला होता. त्याच्या वरच्या अंगाचा जलाशयही खोल गेला होता. त्याचं नाव लेक पॉवेल. हुर्यो उडवलेल्या माणसाचं नाव त्याच नदीवरच्या धरणाच्या पाण्याला!

आमच्याकडे काय झालं विचाराल तर, लॉन वाळलं. मी काकांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "अरे, माफी राहू दे, दोरी धर. मला आता वाकवत नाही." तेव्हापासून एक तारखेला बोअर मी मोजतो. वही काकांचीच, अक्षर माझं. पुढच्या एजीएमला ते आकडे घेऊन मीच उभा राहणार आहे. हसतील कदाचित.

तुमच्या सोसायटीत किंवा गावात कुणी अशी वही ठेवत असेल तर एकदा मागून बघा. भेटू पुढच्या भागात.