तहाआधीचे आभार

१/ इ. स. १६३७. तीस वर्षांचे युद्ध सुरू होऊन एकोणीस वर्षे लोटली होती. सॅक्सनीतील आयलेनबुर्ग या जर्मन शहराच्या तटबंदीआड निर्वासितांची दाटी झाली होती. त्यातच प्लेगने थैमान घातले.

२/ मार्टिन रिंकार्ट हे तेथील लुथरपंथी पाळक. सहकारी पाळक दगावले वा निघून गेले आणि अंत्यविधींचा सारा भार त्यांच्यावर पडला. त्या वर्षी त्यांनी चार हजारांहून अधिक मृतांना मूठमाती दिली. त्यांत त्यांची पत्नीही होती.

३/ ‘नुन डांकेट आले गॉट’ हे ईश्वराचे आभार मानणारे विख्यात स्तोत्र याच रिंकार्ट यांचे. १६४८ च्या वेस्टफालिया तहाच्या आनंदात ते रचले गेले, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु योहान क्रूगर यांच्या स्तोत्रसंग्रहात ते १६४७ मध्येच छापले गेले होते. मुळात ती भोजनसमयीची साधी प्रार्थना होती.

४/ हा कालक्रम ध्यानात घेतला की स्तोत्राची रचना उलगडते. पहिल्या कडव्यात जन्मापासून लाभलेल्या कृपेचे स्मरण आहे. दुसऱ्यात शांततेची याचना. आजवर ज्याने सांभाळले, त्याच्याकडेच उद्याचे मागावे, हा त्यामागील विश्वास. येथे आशा उभी आहे ती कृतज्ञतेच्या पायावर.

५/ तह झाला आणि वर्षभरानंतर, १६४९ मध्ये रिंकार्ट निवर्तले. त्यांची ती प्रार्थना पुढे बाख आणि मेंडेल्सोन यांच्या संगीतात पोहोचली. जर्मन चर्चमध्ये ती आजही गायिली जाते.