उलट्या रीतींची वही

परदेशी राहावयास गेलेल्या मनुष्यास तेथील राजवाडे व देवळे यांचे जितके नवल वाटते, त्याहून अधिक नवल तेथील चूल, पादत्राण आणि न्हाणीघर यांचे वाटते. राजवाड्याची वर्णने ऐकून तो आलेला असतो. शेजारी भर उन्हाळ्यातही ऊन पाणी का पितो, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. असल्या बारीकसारीक नवलाईची चिकाटीने नोंद ठेवणारे परदेशस्थ इतिहासात थोडेच आढळतात. त्यांत लुईस फ्रॉइश या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्याची गणना अग्रभागी करावी लागेल.

फ्रॉइश १५३२ मध्ये लिस्बन येथे जन्मला. १५४८ मध्ये, ऐन पोरवयात, तो गोव्यास आला. तेथील सेंट पॉल विद्यालयात त्याचे शिक्षण झाले, मधली काही वर्षे मलाक्केत गेली, आणि १५६१ मध्ये गोव्यातच त्यास पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. १५६३ मध्ये तो जपानात उतरला. जपानी भाषा त्याने चांगली आत्मसात केली. ओदा नोबुनागासारख्या प्रबळ सत्ताधीशाशी त्याचे बोलणे होई. अशी बावीस वर्षे काढल्यावर १५८५ मध्ये क्यूशू बेटावरील काझुसा गावी त्याने एक लहानसा ग्रंथ लिहिला. युरोपीय मनुष्य एखादी गोष्ट कशी करतो आणि जपानी मनुष्य तीच त्याच्या उलट कशी करतो, एवढाच त्याचा विषय. प्रकरणे चौदा, आणि त्यांत सहाशेहून अधिक जोड्या.

या जोड्या वाचताना मौज वाटते. आमचे लोक घोड्यावर डावा पाय टाकून चढतात, जपानी उजवा टाकून. आमचे पुस्तक जेथे संपते तेथे त्यांचे सुरू होते. आम्ही सुतकात काळी वस्त्रे नेसतो, ते पांढरी. आम्ही जोड्यांसह घरात शिरतो. तेथे जोडे दाराशी न काढणे हा असभ्यपणा. आमच्या स्त्रिया दात शुभ्र राहावेत म्हणून खटपट करतात, त्यांच्या स्त्रिया ते मुद्दाम काळे करतात. आम्ही सोन्यारुप्याला व हिऱ्यामाणकांना मोल देतो. ते जुन्या किटल्या आणि तडकलेली मातीची भांडी जिवापाड जपतात. नाक कोणत्या बोटाने कोरावे, हा भेदही या धर्मोपदेशकाने गाळलेला नाही!

परंतु काही जोड्यांपाशी हसू मावळते. युरोपातील स्त्री पतीच्या अनुज्ञेवाचून घराबाहेर पडत नाही. जपानी स्त्री पतीला न कळविता हवी तेथे जाते. युरोपात स्त्रीला लिहिता येणे ही क्वचित आढळणारी गोष्ट, तर जपानी कुलीन स्त्रीस लिहिता न येणे हा कमीपणा. आमच्याकडे मुलांना फटके मारून वळण लावतात, जपानात केवळ शब्दांनी. आणि तरीही जपानी मुलांचे आचरण अधिक नेटके असते, हे फ्रॉइशने मोकळेपणाने नोंदविले आहे. स्वदेशात बसून त्याला ही वाक्ये कधी सुचलीच नसती. घरी जे नित्याचे असते त्याची कोणी नोंद करीत नाही. जपानची नवलाई सांगण्यासाठी त्याला शेजारी युरोप मांडावा लागला, आणि त्यामुळे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज घराचेही चित्र आपोआप रेखाटले गेले. ‘आम्ही सर्व पदार्थ हातानेच खातो, जपानी मात्र लहानपणापासून दोन काड्यांनी जेवतात,’ अशा आशयाची त्याची नोंद आहे. काट्याचमच्यांचा अभिमान बाळगणारे युरोपीय पुढच्या काळात हाताने जेवणाऱ्यांना जी नावे ठेवीत आले, ती या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाहीत.

मराठी श्रोत्यास या वहीत आणखी एक चमत्कार दिसेल. तो हाताने जेवतो, म्हणजे फ्रॉइशच्या हिशेबी युरोपीय ठरतो. जोडे दाराशी काढतो, म्हणजे जपानी. युरोपीय मुले आधी वाचायला शिकतात व जपानी मुले आधी लिहायला, असे फ्रॉइश म्हणतो. पंतोजींच्या शाळेतील धुळाक्षरे जपानच्या बाजूस पडतात. पूर्वीच्या सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत, तेही त्याच बाजूस. जगाचे दोन उलटे भाग करावे, तर तिसरा मनुष्य दोन्हींत पाय ठेवून उभा! फ्रॉइशने तारुण्यातील कित्येक वर्षे गोव्यात काढली होती. जोडे बाहेर काढणारी घरे त्याच्या दृष्टीस खचितच पडली असतील. पण तराजूची दोन्ही पारडी त्याने युरोप आणि जपान यांनाच दिली.

ही वही करमणुकीसाठी मात्र नव्हती. जपानातील मिशनचा पूर्वीचा प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल यास जपानी रीतींचा तिटकारा होता. १५७९ मध्ये आलेला निरीक्षक आलेसांद्रो वालिन्यानो याचे मत नेमके उलट होते. पाद्र्यांनी भाषा शिकावी, जेवणात स्वच्छता पाळावी, मठात चहापानाची खोली ठेवावी, असा त्याने दंडक घातला. यजमानाच्या दृष्टीने आपणच विक्षिप्त आहोत, हे त्याने ओळखले होते.

ते किती खरे होते, हे १५८७ मध्ये कळून आले. तोयोतोमी हिदेयोशीने पाद्र्यांचा मुख्य कोएल्यो याला काही प्रश्न विचारले. लोकांना ख्रिस्ती का करता, देवळे का पाडता, पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसांना गुलाम म्हणून का विकत घेतात, हे प्रश्न गंभीर होते, आणि त्यांना समाधानकारक उत्तर देणे कठीण होते. पण त्याच रांगेत आणखी एक प्रश्न होता: माणसाच्या उपयोगी पडणारे घोडे आणि बैल तुम्ही खाता कसे? घोडा आम्ही खात नाही, गोमांस ही स्वदेशाची चाल आहे आणि आपली इच्छा नसल्यास तीही सोडू, अशा अर्थाचे उत्तर देण्यात आले. लागलीच हद्दपारीचा हुकूम सुटला. तो सक्तीने अमलात आला नाही, एवढेच.

फ्रॉइश १५९७ मध्ये नागासाकी येथे वारला. त्याची वही माद्रिदच्या इतिहास अकादमीच्या दप्तरात पडून राहिली. १९४६ मध्ये शुट्टे या जर्मन जेझुइट अभ्यासकाच्या हाती ती लागली आणि १९५५ मध्ये टोकियोत छापून निघाली.